कुंडीतली ताजी पानं आणि रोजची साधी भाजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिडकीच्या ग्रिलमध्ये, गॅलरीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर लावलेला कढीपत्ता, पुदिना, ओवा रोजच्या भाजीत कसा वापरायचा, याबद्दल मुंबईतले वाचक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. मापं सगळीकडे एकच धरली आहेत: मोठा चमचा १५ मिली, छोटा चमचा ५ मिली, वाटी १५० मिली. चमचे सपाट, शीग लावून नाही. वेगळं सांगितलं नसेल तिथे भाजी पाव किलो, म्हणजे पोळीबरोबर तीन माणसांपुरती.

१. खिडकीत दोन-तीनच कुंड्या मावतात. स्वयंपाकाच्या दृष्टीने काय लावू?

कढीपत्ता, पुदिना आणि पानांचा ओवा. तिन्ही एकदा लागले की वर्षानुवर्षं तोडता येतात. पुदिना आणि ओवा तर विकतही आणायला नकोत. शेजाऱ्यांकडून चार इंचाची फांदी आणून खालची पानं काढा. पुदिन्याची फांदी पाण्यात ठेवली की आठ-दहा दिवसांत मुळं धरते, ओव्याची सरळ मातीत खोचली तरी जगते. कढीपत्त्याला मात्र १२ ते १४ इंची कुंडी आणि रोज चार तास तरी ऊन हवं. ऊन येतच नसेल तर त्याच्या नादी लागू नका. कमी उजेडात पुदिना आणि ओवा निभावून नेतात.

कोथिंबीर मुद्दाम चौथ्या नंबरावर ठेवली आहे. ती एकदा कापल्यावर पुन्हा जेमतेम फुटते, त्यामुळे दर तीन आठवड्यांनी नवी पेरावी लागते. लावायचीच तर किराण्यातले धणे हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि सहा इंच खोल पसरट ट्रेमध्ये पेरा. आठ ते बारा दिवसांत उगवते, पाच-सहा आठवड्यांत काढायला येते. एप्रिल-मेमध्ये पेरलेली पानं धरण्याआधीच तुऱ्यावर जाते. तो तुम्हा-आम्हा कुणाचा दोष नाही, उन्हाचा आहे.

२. कोणतं पान फोडणीत आणि कोणतं शेवटी? दर वेळी गोंधळ होतो.

पानाचा वास त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. कोणत्या पानातलं तेल किती लवकर उडतं, त्यावर वेळ ठरते.

कढीपत्ता, पानांचा ओवा, गवती चहा, हळदीचं पान ही जाड, चिवट पानं. यांना गरम तेल किंवा वाफ मिळाल्याशिवाय वास सुटत नाही, म्हणून ती सुरुवातीला. कोथिंबीर, पुदिना, सब्जाची पानं ही पातळ. पाच मिनिटं शिजली की रंगही जातो आणि वासही, उरतो तो चोथा. ती गॅस बंद केल्यावर घालायची आणि दोन मिनिटं झाकण ठेवायचं. मेथी, शेपू, लसणाची पात, कांद्याची पात या मधल्या. त्या वासालाही असतात आणि भाजी म्हणूनही, म्हणून त्यांना चार ते आठ मिनिटं.

भाजीला चव येत नाही म्हणून मसाला वाढवत नेणाऱ्यांची कोथिंबीर बहुतेक वेळा दहा मिनिटं लवकर पडलेली असते. खालच्या बऱ्याच उत्तरांत हाच हिशेब आहे.

३. अगदी साध्या भाजीची नेमकी कृती द्या. अंदाजपंचे नको.

फरसबी घेऊ. पाव किलो फरसबीच्या शिरा काढून अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करा. कढईत एक मोठा चमचा तेल चांगलं तापवा. अर्धा छोटा चमचा मोहरी घाला आणि तडतड *थांबेपर्यंत* थांबा. कच्ची राहिलेली मोहरी कडू लागते. आच कमी करून चिमूटभर हिंग, दोन हिरव्या मिरच्यांचे तुकडे आणि कढीपत्त्याची ८-१० पानं टाका. दहा सेकंदांनी पाव छोटा चमचा हळद आणि लगेच भाजी, नाहीतर हळद जळते.

मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता. मग ताटली झाकून तिच्यात अर्धी वाटी पाणी ओता आणि मंद आचेवर आठ मिनिटं ठेवा. ताटलीवरच्या पाण्यामुळे आतली वाफ खाली भाजीवर टपकते, त्यामुळे भाजी वरून पाणी न घालता शिजते आणि तळाला लागत नाही. झाकण काढून अर्धा छोटा चमचा मीठ आणि आवडत असेल तर चिमूटभर साखर घाला, दोन मिनिटं उघडी परता. गॅस बंद. दोन मोठे चमचे ओला नारळ, दोन मोठे चमचे कोथिंबीर. झाकून दोन मिनिटं.

याच पद्धतीने कोबी पाच-सहा मिनिटांत होतो, तोंडलीला बारा ते पंधरा मिनिटं लागतात. दुधी आणि पडवळ स्वतःच्याच पाण्यात शिजतात, त्यांना ताटलीतल्या पाण्याचीही गरज नाही. लाल भोपळ्याला मोहरीबरोबर पाव छोटा चमचा मेथीदाणे घाला.

४. कढीपत्ता टाकला की तेल अंगावर उडतं आणि पानं काळी पडतात.

उडण्याचं कारण पानावरचं पाणी. धुतल्यावर पानं फडक्यात दाबून कोरडी करा, फोडणीत टाकताना गॅस बारीक करा आणि झाकण हाताशी ठेवा. काळी पडतात ती तेल धुरावर गेल्यामुळे. नीट तळलेलं पान हिरवंच राहतं, काचेसारखं चकाकतं आणि बोटांत चुरडलं की मोडतं.

घरचं झाड असेल तर सुटी पानं ओरबाडू नका. देठासकट पूर्ण डहाळी खालून तोडा; अधूनमधून शेंडा खुडला तर तिथून दोन फांद्या फुटतात आणि झाड उंच काठीसारखं न वाढता भरतं.

मुलं पानं ताटाच्या कडेला काढत असतील तर ती बारीक चिरून फोडणीत घाला, किंवा आधी कुरकुरीत तळून हाताने चुरा आणि भाजीत मिसळा. वास तोच, काढायला काही उरत नाही.

५. कोथिंबिरीच्या काड्या टाकून द्यायच्या का?

नाही. जुडीच्या बुडाचा दोन बोटं भाग दोरेदार असतो, तेवढाच टाका. बाकीच्या काड्यांना पानांपेक्षा जास्त वास असतो आणि त्या उष्णता सोसतात. बारीक चिरून मिरचीबरोबर फोडणीत घाला, पानं शेवटी. घरची कोथिंबीर मुळासकट निघाली तर मुळं घासून धुवा आणि हिरव्या वाटणात किंवा आमटी उकळताना टाका.

६. पुदिना घातला की भाजी काळपट आणि कडू होते.

तीन कारणं असू शकतात. एक, पान बोथट सुरीने चिरलं. पुदिना ठेचला गेला की मिनिटभरात काळा पडतो, तेव्हा धारदार सुरी वापरा किंवा हाताने फाडा, आणि पान कोरडं असू द्या. दोन, पान शिजवलं (प्रश्न २). तीन, पुदिन्याला तुरा आला होता. फुलावर आलेल्या पुदिन्याची पानं उग्र होतात; वरचा अर्धा भाग कापून टाका, नवी फूट गोड येते. देठ कधीच नको.

पाव किलो भाजीला १०-१२ पानं पुरतात. पुदिना उकडलेला बटाटा, मटार, फ्लॉवर आणि काकडीच्या कोशिंबिरीला शोभतो. गवार, कारलं, मेथी यांच्याशी त्याचं जमत नाही. कडूवर कडू चढतं. चटणी कडू होते ती बहुतेक मिक्सर फार वेळ फिरवल्याने. पाण्याऐवजी बर्फाचे दोन-तीन खडे घाला, थांबत थांबत फिरवा.

७. हिरवी भाजी शिजल्यावर शेवाळी रंगाची होते. हॉटेलात हिरवीगार कशी राहते?

भाजी शिजताना तिच्यातलं आम्ल बाहेर पडतं आणि हिरव्या रंगाला मारतं. झाकण असलं की ते आम्ल वाफेबरोबर परत भाजीत पडतं. म्हणजे प्रश्न ३ मधली ताटलीची पद्धत चवीला उत्तम, पण रंगाला नाही. दोन्ही हवं असेल तर फरसबी, मटार, ब्रोकोली भरपूर उकळत्या पाण्यात उघडी तीन-चार मिनिटं उकडा, गाळून गार पाणी ओता आणि मग फोडणीत तीन मिनिटं परता. पालेभाजी तर कधीच झाकू नका.

खायचा सोडा घातला की रंग राहतो हे खरं, पण भाजी गिळगिळीत होते आणि क, ब१ ही जीवनसत्त्वं जातात. घरी त्याची गरज नाही. लिंबू, आमसूल यांचा मुद्दा प्रश्न १४ मध्ये.

८. भाजीला पाणी सुटतं. भेंडी तर चिकटच होते.

मीठ आधी पडलं, कढई लहान होती किंवा आच मंद होती. मीठ पेशींतलं पाणी ओढून काढतं, आणि छोट्या कढईत दाटीवाटीने भरलेली भाजी परतली जात नाही, वाफवली जाते. पालेभाजीत मीठ नेहमी ती बसल्यावर घाला. कारण पाणी सुटण्याइतकंच प्रमाणाचंही आहे: भरल्या कढईकडे बघून घातलेलं मीठ, भाजी चौथाई झाली की खारट ठरतं.

भेंडी आधी धुवा, एकेक पुसून पूर्ण कोरडी करा आणि मगच चिरा. चिरल्यावर पाण्याचा थेंब लागता कामा नये. मोठी कढई, झाकण नाही, पहिली पाच मिनिटं सारखं ढवळणं नाही. दोन आमसुलं किंवा मोठा चमचाभर आंबट ताक घातलं की तार तुटते. मीठ अगदी शेवटी.

९. पानांचा ओवा बेसुमार वाढलाय. भजी सोडून त्याचं काय करू?

गवारीत घाला. गवारीच्या भाजीला ओवा लागतोच. दाण्यांऐवजी दोन मध्यम पानं बारीक चिरून, मोहरी तडतडल्यावर तेलात पंधरा सेकंद परता, मग गवार. अळकुड्यांच्या सुक्या भाजीतही हेच. थालीपिठात दोन वाट्या पिठाला तीन पानं. ताकात घालायचं तर एक पान मीठ-जिऱ्याबरोबर ठेचून अर्ध्या लिटरला पुरतं. त्याच्यापुढे गेलात तर जीभ किंचित बधिर होते आणि ताक काढ्यासारखं लागतं.

हे झाड मसाल्यातल्या ओव्याचं नव्हे. ते पुदिना-तुळशीच्या कुळातलं आहे, वास तेवढा सारखा. त्यामुळे त्याच्या फुलांतून ओव्याचे दाणे मिळतील म्हणून वाट पाहू नका.

आता भज्यांचं प्रमाण, कारण तेही विचारलं जातंच. एक वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, अर्धा छोटा चमचा मीठ, पाव पाव छोटा चमचा हळद आणि तिखट, साधारण पाऊण वाटी पाणी थोडं थोडं करून. पान बुडवून उचलल्यावर त्याच्या शिरा पिठातून अंधूक दिसल्या तर पीठ बरोबर झालं आहे. पान ओलं असेल तर पीठ निसटतं आणि तळताना भजं उघडं पडतं. तांदळाचं पीठ कमी पडलं की भजी पाच मिनिटांत मऊ पडतात, पावसाळी हवेत तर त्याआधीच.

१०. शेपू घरात कुणाला आवडत नाही. वास कमी कसा करायचा?

वास धुऊन जात नाही, पण त्याला जोड देता येते. पाव वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवा. एक जुडी शेपू निवडून जाड देठ काढा, बारीक चिरा. तेलात ठेचलेल्या सहा-सात लसूण पाकळ्या *तांबूस* होऊ द्या, दोन-तीन मिरच्या, मग डाळ. डाळीवर पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं झाका. डाळ बोटाने तुटायला लागली की शेपू, आणि उघड्यावर सहा-सात मिनिटं. मीठ शेवटी.

लोक चुकतात ते लसणात. पांढरा लसूण शेपूपुढे टिकत नाही. तरीही नको म्हणणारे असतील तर शेपू अर्धा आणि पालक अर्धा घ्या. घरचा शेपू वीतभर उंचीचा असताना कापला तर मुळातच सौम्य असतो.

११. समुद्र मेथी कितीही धुतली तरी कचकच लागते.

ती किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत वाढते, मुळांसकट छोट्या जुड्या बांधून विकतात, तेव्हा रेती असणारच. जुडी न सोडता आधी मुळं कापा. मोठ्या पातेल्यात बुडवून हलवा, मेथी *हाताने वर उचला*, पाणी मागे टाका. चाळणीत ओतलंत तर तळाची रेती परत मेथीवरच पडते. तळाला बोट फिरवून कण लागेनासा होईपर्यंत, म्हणजे बहुधा चार-पाच पाणी.

शिजायला तीन-चार मिनिटंच लागतात, देठ निवडायचे नाहीत. आठ-दहा जुड्यांची जेमतेम एक वाटी भाजी होते, त्यामुळे बेताने आणू नका. घरी ट्रेमध्ये मेथीदाणे पेरून दोन आठवड्यांत कापली तर जवळपास हीच मेथी मिळते, रेतीशिवाय.

१२. बेझिलऐवजी अंगणातली तुळस चालेल का?

नाही चालत. तुळशीला लवंगेसारखा झोंबरा वास असतो. टोमॅटोच्या भाजीत टाकली तर काढा झाल्यासारखं वाटतं. सब्जाचं झाड लावा. सब्जा आणि बेझिल एकाच जातीचे भाऊबंद आहेत, वास थोडा तिखट एवढाच फरक. फालुद्यासाठी आणलेलं सब्जाचं बी मातीत टाकलं तरी उगवतं. पानं गॅस बंद केल्यावर, टोमॅटो किंवा दुधीच्या भाजीला सहा-सात.

१३. गवती चहा आणि हळदीचं पान भाजीत घालतात का?

चावून खायला दोन्ही नालायक, वासाला दोन्ही उत्तम. गवती चहाच्या दोन पाती धुऊन गाठ मारा, टोमॅटोच्या सारात किंवा भाताच्या आधणात टाका आणि वाढण्यापूर्वी काढा. चिरून घालू नका, पातीची कड जिभेला कापते.

हळदीची पानं मुंबईत श्रावणापासून मिळायला लागतात, पातोळ्यांमुळे. कुंडीतली हळदही याच काळात पानावर असते आणि थंडीत वाळते. लाल भोपळ्याच्या किंवा रताळ्याच्या फोडी वाफवताना चाळणीत पान अंथरा, वर भाजी, वर पुन्हा पान, १२ मिनिटं वाफ. मग फक्त तूप-जिऱ्याची फोडणी. याला कोथिंबीरसुद्धा नको.

१४. लिंबू, आमसूल, चिंच कधी? माझ्या भाजीतला बटाटा तासभर शिजत नाही.

आंबट आधी पडलं म्हणून. आम्लामुळे भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही आणि बटाटा, फरसबी, गवार बाहेरून टणकच राहतात. टोमॅटोही त्यात धरा. बटाटा सुरीने सहज तुटला की मगच आमसूल, आणि त्यानंतर तीन-चार मिनिटं उकळी. लिंबू गॅस बंद करून, कारण त्याचा वास शिजला की जातो आणि कडवटपणा येतो. लोखंडी कढईत आंबट भाजी शिजवली तर ती काळी पडते आणि धातूची चव येते, स्टील वापरा. आंबट शेवटी घालण्याला अपवाद दोन: भेंडी (प्रश्न ८) आणि अळू (प्रश्न १५).

१५. अळूमुळे घसा खवखवतो. कुंडीतलं अळू खाण्याचं आहे की नाही, कसं ओळखायचं?

अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून चिंच आधीपासून घालायची आणि पूर्ण शिजवायचं. दहा-बारा पानांना लिंबाएवढी चिंच, कुकरला तीन शिट्ट्या, मग घोटणं. चिरताना हाताला तेल लावा. देठ सोलून घ्या.

खवखव राहिलीच तर भाजी परत चिंचेचा कोळ घालून दहा मिनिटं उकळा. तरीही राहिली तर फेकून द्या.

शोभेची म्हणून आणलेली अळूसारखी दिसणारी झाडं, विशेषतः ठिपक्यांची, रंगीत किंवा चकचकीत पानांची, मुळीच खाऊ नका. पान कापून जिभेला लावून बघण्याचा प्रयोगही नको. खाण्याच्या अळूचा कंद बाजारातून किंवा ओळखीच्या घरून आणून लावला असेल, तरच ते खाण्याचं.

१६. कोथिंबीर, कढीपत्ता जास्त दिवस कसा ठेवायचा?

कोथिंबीर न धुता, मुळासकट, सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळून बंद डब्यात, फ्रिजमध्ये. आठवडाभर टिकते. धुऊन ठेवलेली तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. पुदिना ग्लासभर पाण्यात उभा, ओट्यावरच.

कढीपत्ता कोरडा करून फ्रीझरमध्ये. पानं गडद होतात, पण वास राहतो. बाहेर काढून वितळू न देता थेट फोडणीत टाका, झाकण हाताशी ठेवून. वाळवलेला कढीपत्ता आणि वाळवलेली कोथिंबीर आमच्या मते जागा अडवणारी गोष्ट आहे. वाळून उपयोगी राहते ती मेथी: ताजी तीन चमचे लागत असेल तिथे वाळलेली एक चमचा.

जुडी स्वस्त असेल तेव्हा हिरवं वाटण करा. दोन जुड्या कोथिंबीर, आठ मिरच्या, इंचभर आलं, दहा लसूण पाकळ्या, अर्धा छोटा चमचा मीठ, पाणी जवळजवळ नाहीच. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक खडा एका भाजीला.

१७. पावसात कोथिंबीर महाग आणि चिखलाने भरलेली. तेव्हा काय वापरायचं?

जुलै-ऑगस्टमध्ये कोथिंबिरीचा हट्ट सोडावा. तेव्हा ओवा, हळदीची पानं, गवती चहा जोमात असतात. सुक्या भाजीवर लसणाची पात बारीक चिरून घाला: लसणाच्या पाकळ्या उथळ कुंडीत खोचल्या की दोन-तीन आठवड्यांत वीतभर पात येते, कापली की पुन्हा फुटते.

रानभाज्याही याच दिवसांत. दादर, बोरिवली, ठाणे स्टेशनबाहेर आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी घेऊन बसतात. निवडायचं आणि शिजवायचं कसं ते त्यांनाच विचारा, दोन वाक्यांत नीट सांगतात. शेवळं अळूसारखीच खाजतात, म्हणून त्यांच्याबरोबर काकडं, म्हणजे आंबट रानफळं, विकतात. ती सोडून नुसती शेवळं आणू नका. स्वतः तोडायला जाणार असाल तर रुळांच्या आणि नाल्यांच्या कडेचं काहीही तोडू नका.

१८. पानांवर अळ्या आहेत, कबुतरं घाण करतात. ही पानं खायची का?

कढीपत्त्यावरची हिरवी अळी बहुधा लिंबावरच्या फुलपाखराची असते. हाताने काढा, खाल्लेलं पान तोडून बाकीचं वापरा. बारीक किड्यांसाठी लिटरभर पाण्यात छोटा चमचाभर मीठ, पानं दहा मिनिटं बुडवा, मग वाहत्या पाण्याखाली धुवा. मावा चिकट असतो, तो एवढ्याने जात नाही. शेंडा तोडून टाका. कडुनिंबाचं तेल फवारलं असेल तर बाटलीवर सांगितलेले दिवस थांबा. शोभेच्या झाडांसाठी असलेलं कीटकनाशक खायच्या झाडावर नको.

कबुतराची विष्ठा पडलेली पानं धुऊन वापरण्याच्या भानगडीत पडू नका, टाका. जाळी लावणं हाच इलाज. जाळी नसेल तोवर पुदिना-कोथिंबिरीची कच्ची चटणी त्या कुंडीतून नको.

१९. सकाळी सहाला भाजी करून डब्यात भरते. एक वाजता कोथिंबीर काळी आणि भाजी आंबूस.

गरम भाजीवर झाकण लावलं की वाफेचं पाणी आतच राहतं. पानं त्यात शिजतात आणि मे महिन्यातल्या गर्दीच्या लोकलमध्ये भाजी आंबायला वेळ लागत नाही. ताटात पसरून पंधरा मिनिटं निवू द्या, मग डबा भरा. ओला नारळ उन्हाळ्यात डब्याला नकोच. त्याऐवजी दोन मोठे चमचे दाण्याचं कूट किंवा भाजलेलं सुकं खोबरं. कोथिंबिरीची पानं वगळून काड्या फोडणीत (प्रश्न ५), वासाला कढीपत्ता थोडा जास्त. डब्याची भाजी पानांनी सजवण्यात अर्थ नाही.

२०. उपासाला आणि नैवेद्याला कोणती पानं चालतात?

नैवेद्याच्या भाजीत कांदा-लसूण नाही, म्हणजे त्यांची पातही नाही. कोथिंबीर, कढीपत्ता चालतो. उपासाचं घराघरावर आहे: अनेक घरांत उपासाच्या बटाट्याच्या भाजीत कोथिंबीर घालतात, काही घरांत ती वर्ज्य. घरातल्या मोठ्यांना विचारा. हिंग, लसूण नसताना चव येण्यासाठी तुपात जिरं नीट तांबूस करा, मिरची ठेचून घाला आणि किसलेलं आलं चालत असेल तर तेही.

२१. आमच्या ह्यांना कोथिंबीर साबणासारखी लागते. खोटं बोलतात का?

नाही. काही लोकांच्या वास ओळखणाऱ्या एका जनुकात फरक असतो, त्यामुळे कोथिंबिरीतले आल्डिहाइड त्यांना साबणासारखे जाणवतात. शिजवलेली किंवा वाटलेली कोथिंबीर त्यातल्या बऱ्याच जणांना चालते. धण्यांची पूड तर बहुतेकांना चालते. कच्ची वरून घालायची ती ताटात वाढल्यावर, ज्याच्या त्याच्या भाजीवर.

२२. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. पालेभाज्या बंद कराव्या लागतील का?

वॉरफॅरिन चालू असेल तर पालेभाज्यांतलं 'के' जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करतं. म्हणून एक आठवडा रोज पालक-मेथी आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं करू नये. प्रमाण साधारण एकसारखं ठेवावं आणि ते डॉक्टरांना सांगावं. फोडणीतल्या दहा कढीपत्त्याच्या पानांनी फरक पडत नाही. कोथिंबीर-पुदिन्याची वाटीभर चटणी किंवा पालेभाजीचा रस रोज सुरू करणार असाल तर आधी विचारा. मूतखडा असेल तर अळू आणि पालक याबद्दलही हेच.

२३. आम्ही तळमजल्यावर राहतो. पावसात वाफ्यात गुडघाभर पाणी तुंबलं होतं. झाडं वरून ठीक दिसतात. पानं वापरू का?

तुंबलेल्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. त्यात बुडालेला पुदिना, कोथिंबीर, मेथी, अळू कितीही धुतलं तरी खाऊ नका, शिजवूनही नाही. पुदिना आणि ओवा जमिनीलगत कापून टाका, वरची दोन इंच माती बदला, आणि नव्याने फुटलेली पानं आधी शिजवायलाच वापरा. कोथिंबीर, मेथी उपटून नव्याने पेरा. हे करताना हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका.

कढीपत्त्याचं झाड उंच असेल आणि वरच्या फांद्यांना पाणी लागलं नसेल, तर तिथली पानं धुऊन फोडणीत घालायला हरकत नाही. चटणीत कच्ची मात्र नको.